घोळाण्याचं मापटं

पन्नास ग्राम पाला म्हणजे नेमका किती, हे विचारायचं मला तवा धाडसच झालं न्हाई. दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडम समोर बसलेल्या, माझ्या मांडीवर लेकरू, छातीवरचे टाके अजून ओढायचे, न् मी नुसती मान हलवायलते. ग्राम म्हणलं की मला सोनंच आठवतं. पाल्याचं ग्राम मी जन्मात ऐकलं नव्हतं. आमच्यात पाला पदराच्या ओट्यातून घरी येतो, मुठीमुठीनं निवडतेत, ओंजळीनं धुतेत, न् खाणारी तोंडं किती हायेत ते बघून शिजवतेत.

झालतं असं की लेकीच्या वेळी पोटुशी असताना मला दम लागायला लागला. सगळ्या बाया म्हणल्या, लागतोच, त्यात काय. बाळंत झाले, लेकरू मांडीवर आलं, तरी दम जाईना. विहिरीवरून एक घागर आणली की भिंतीला टेकून उभं राहायचे. मग दाखवलं तर काळजातली झडपच खराब निघाली. लहानपणी ताप यायचा, सांधे सुजायचे, त्यानं झाली म्हणे. मोठ्या शहरात नेऊन धातूची नवी झडप बसवली. ती वाजती. खोलीत गडबड नसली की मला माझंच काळीज ऐकू येतं, टिक टिक, टिक टिक, पेटीत घड्याळ ठेवल्यावाणी. लेकीला त्याची सवय झालीय, ती तिथंच कान लावून झोपती. मी मातर लई दिवस ते मोजत बसायचे. आता थांबतंय का काय, आता थांबतंय का काय.

धातूच्या झडपेला रक्त घट्ट झालेलं चालत न्हाई. घट्ट झालं की गाठ धरती, न् गाठ झडपेत अडकली की संपलं. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी, ती जन्मभर. न् त्या गोळीचं न् हिरव्या पाल्याचं जमत न्हाई. मॅडमनी लई नीट सांगितलं:

"पालेभाजी बंद करायची नाही बरं का. पण रोज सारखी खायची. आज ढीगभर आणि उद्या काहीच नाही, असं केलं की गोळीचा हिशोब चुकतो. पाला वाढला की रक्त घट्ट होतं, एकदम कमी झाला की जास्त पातळ होतं. कच्चा पाला खाता का तुम्ही?"

"घोळाणा खाते," मी म्हणलं.

"म्हणजे?"

मग मी सांगितलं. मेथी न्हाईतर हरभऱ्याचा कोवळा पाला घ्यायचा, कांद्याची पात घ्यायची, बारीक चिरायचं, वर कच्चं तेल, मीठ, तिखट, शेंगदाण्याचा कूट, न् हातानं घोळायचं. भाकरीसंगं खायचं. मॅडमला आवडलं ते. म्हणल्या, "छान, खा की. रोज पन्नास ग्रॅम. निवडलेला पाला. कमी नाही, जास्त नाही."

दारापर्यंत गेले न् परत वळले, कारण घरी गेल्यावर कुणाला विचारणार होते मी? "मॅडम, पन्नास ग्राम म्हणजे केवढा?"

त्यांनी दोन्ही हात जोडून पुढं केले. "एवढा. किंवा दोन वाट्या, सैल भरून."

त्यांचे हात एवढुशे, पोळपाटाला बी न लागलेले. आत्याबाईची, म्हणजे माझ्या सासूची, ओंजळ म्हणजे सूप. न् वाटी तरी कोणती? आमच्या घरात एक वाटी दुसरीसारखी न्हाई, सगळ्या लग्नाकार्यात आलेल्या.

आठवीत माझी शाळा सुटली. त्याच्या आधी बी दिवाळी झाली की आईबापामागं ऊसतोडीला जायचे, सहा म्हैने फडात, सहा म्हैने शाळेत. बाई वर्गात वजनं-मापं शिकवायच्या तवा मी नेमकी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधत असायचे. म्हणून मला असल्या गोष्टीचं जास्तच भेव. चूक झाली तर ती मला कळणार बी न्हाई, असं वाटायचं.

त्या साली दिवाळी झाल्यावर आमच्या शिरूरकडची गावं रिकामी व्हायला लागली तसं मालक बी सासऱ्यासंगं तोडीला गेले. मला जायचं नव्हतं, डॉक्टरनी कोयत्याचं नावच काढू नका म्हणलतं. दरसाल जाणाऱ्या आत्याबाई माझ्यासाठी मागं राहिल्या. तीच आमची तिघींची पहिली थंडी गावातली. लेक नुकती पावलं टाकायला लागलती. आमचं घर, दोन शेळ्या, न् मागच्या वाफ्यात मेथी, पात, थोडी करडई.

आत्याबाईला मी पन्नास ग्रामचं सांगितलं. त्या म्हणल्या, "मापाचं मला सांगतीस व्हय? खळ्यावर ज्वारी मापायला मला बोलवायचे लोक. आण ते मापटं."

मापटं म्हणजे आमचं धान्य मापायचं भांडं, अर्ध्या शेराचं. आता सगळा बाजार किलोवर आलाय, पण आत्याबाईचं भाकरीचं पीठ अजून त्यानंच निघतं. मी म्हणलं, आधी दुकानात काट्यावर बघू. मेथी निवडली, धुतली, सुपात पसरून पाणी सुकू दिलं, न् पदरात घेऊन गेले.

किराणा दुकानाचा भाऊ मला बघून हसायलाच लागला. "वहिनी, मेथी इकायला आणली का काय?"

"न्हाई भाऊ, मोजायचीय. पन्नास ग्राम काढून द्या."

"पन्नास ग्राम मेथी! निवडलेली! आवं, सोनाराकडं जायचं की मग."

दुकानात दोन म्हाताऱ्या बसलेल्या, त्या बी हसल्या. पण त्यानं काढून दिली. कागदावर ठेवली, काट्यावर आकडा हलायचा, एक काडी टाकली की पुढं, काढली की मागं. मी ती पिशवीत घातली, हात आत घालून फुगवून धरली, दबू नये म्हणून, न् घरी येऊन मापट्यात सोडली. काठाला काठ लागली. ना वर ना खाली.

"बरोब्बर मापटंभर!" आत्याबाई म्हणल्या. मला एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू. ग्राम गेलं न् मापटं आलं. मापटं मला कळत होतं. लेकीला उचलून मी घरभर फिरले, दम लागला तरी फिरले.

त्या दिवसापासून घोळाणा आत्याबाईच करायच्या. मला चुलीपुढं बसू द्यायच्या न्हाईत, धूर लागतो म्हणून. मी बाहेर उन्हात लेकराला तेल लावायचे, न् आतून त्यांचा आवाज यायचा, "लाभ!" आमच्यात मापताना पहिल्या मापाला एक म्हणत न्हाईत, लाभ म्हणतेत, मग दोन, तीन. माझं एकच माप, म्हणून रोज लाभच. मग ताट यायचं. भाकरी न् हिरवागार घोळाणा, कूट वर भुरभुरलेला. मी खायचे न् मनात म्हणायचे, पन्नास ग्राम, कमी न्हाई, जास्त न्हाई. गोळी वेळेवर, पाला मापावर. दुसरं काय करायचं असतं माणसानं?

म्हैन्यानं रक्त तपासायला बीडला गेले. लेकीला आत्याबाईजवळ ठेवून एकटीच गेले एसटीनं. डॉक्टर सरांनी कागद बघितला न् चष्मा वर केला.

"गोळी चुकली का?"

"न्हाई सर. एक बी न्हाई."

"रक्त घट्ट व्हायला लागलंय. पाला जास्त खाल्लाय का?"

"न्हाई सर. रोज मापटंभरच."

"मापटं म्हणजे?"

मी हातानं दाखवलं. त्यांनी मान हलवली, तेवढं चालतं म्हणाले. गोळी थोडी वाढवून दिली, पुढच्या आठवड्यात परत या म्हणाले. मग म्हणाले, "पण खाण्यात काय चुकतंय ते आधी शोधा. नाहीतर आज मी गोळी वाढवीन न् तुम्ही उद्या पाला कमी कराल, मग दुसऱ्या बाजूनं पंचाईत. आणि चालताना जास्त दम लागला, हातपाय जड झाले, तर थांबू नका, लगेच या."

येताना खिडकीजवळ बसले होते. मी छातीवर हात ठेवूनच बसलेली. टिक टिक ऐकू येत नव्हतं, गाडीचाच खडखडाट एवढा. मला लेकीचं कानातलं आठवायलतं, सकाळी एका कानातलं पडलतं न् मी उगी घाईत तसंच सोडून आलते. तेच डोळ्यापुढं. हिचे केस कोण विंचरील, ही कुणाच्या छातीवर झोपंल, असलं काय काय. मोठं काही सुचत न्हाई भेव वाटल्यावर, असलंच बारीक सुचतं.

मालकाचा फडातून फोन आला. "काय म्हणले?" मी म्हणलं, बरं हाय, पुन्हा बोलवलंय. त्याहून जास्त सांगून तिकडं त्यांनी काय करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आतच बसले. आत्याबाई म्हणल्या, "जा की उन्हात." मी म्हणलं, "गार वाटायलंय, बसते इथंच." त्यांनी मेथी न् पात निवडून ठेवलेली. मापटं पुढं घेतलं, देवाकडं एकदा बघितलं, न् भरायला लागल्या.

एक ओंजळ टाकली. मग तळहातानं दाबली. अशी दाबली की बांगड्या वाजल्या. मग मापटं जमिनीवर दोनदा ठोकलं. पुन्हा ओंजळ. पुन्हा दाबली. काठापर्यंत आलं की वरनं शीग लावली, म्हणजे काठाच्या वर डोंगरावाणी ढीग, खळ्यावर ज्वारीच्या मापाला लावतेत तशी, न् ती बी चारी बाजूनं थापटून बसवली. "लाभ!" म्हणल्या न् परातीत उपडं केलं. त्या परातीत तो पाला सुटा झाला न् फुगला, फुगतच गेला.

मला सगळं तिथंच कळलं.

कसं सांगू? त्या म्हातारीनं आपला फड सोडलाय माझ्यासाठी. मला वाकू देत न्हाई, पाणी उचलू देत न्हाई. न् मी म्हणू, तुमचं माप चुकतंय? ज्यांना गाव मापायला बोलवायचं त्यांना?

मी म्हणलं, "आत्याबाई, परातीतला पाला जरा घेऊन जाऊ का? दुकानात बघून येते."

"पुन्हा? बघितलं ना एकदा."

"आज पात जास्त हाय, म्हणून."

दुकानदार म्हणला, "आल्या सोनार वहिनी." पाला काट्यावर ओतला. आकडा थांबला तसा तो हसायचा थांबला. "वहिनी, हा तर दीडशाच्या जवळ हाय. पन्नास म्हणलतात ना तुमी?"

म्हणजे मी रोज तीन दिवसाचा पाला खायलते. मापटं तेच, काठ तोच, न् त्यात तिप्पट माल. ज्वारी दाबली तरी किती दबती? पाला दाबंल तेवढा दबतो. हे आमाला दोघींना बी माहीत होतं की, रोज गाठोडं बांधताना पायानं दाबतोच ना आमी चारा. पण मापट्याजवळ आल्यावर त्या त्यांच्या मापाच्या रिवाजानं भरायलत्या न् मी आत बघायलाच येत नव्हते.

घरी आले. आत्याबाई तव्यावर भाकरी टाकायलत्या. मी चौकटीला टेकून उभी राहिले.

"आत्याबाई, माप दाबायचं नव्हतं. सैल भरायचं होतं. शीग बी न्हाई लावायची."

त्यांनी भाकरी उलटली न्हाई. "कावून?"

"रक्त त्यानंच घट्ट झालंय. काट्यावर तिप्पट भरलं."

"पोकळ माप भरू म्हणतीस? तुला?" त्या माझ्याकडं बघंनात. "लोक काय म्हणतील, सून आजारी पडली न् सासूनं पोकळ माप धरलं. आगं, मी नवी नवरी असताना माझी सासू मला पीठ काढून द्यायची, काठावरून बोट फिरवून, वरचं पाडून. रोज बोट फिरवायची. पोटात लेकरू होतं तरी बोट फिरवायची. मी तवा म्हणलतं, माझ्या सुनेला मी शिगेनं देईन. दुश्मनाला बी मी पोकळ माप दिलं न्हाई, न् तुला देऊ?"

भाकरी करपायचा वास यायला लागला. मी खाली बसले, त्यांचा पिठाचा हात धरला न् माझ्या छातीवर ठेवला. त्यांनी हात मागं घेतला. इतक्या दिवसात त्यांनी ते टिकटिक ऐकलं नव्हतं, मुद्दाम ऐकत नव्हत्या. मी काही बोलत होते का न्हाई आठवत न्हाई, बहुतेक नुसती रडत असंन. मग त्याच कशा काय माहीत, पुढं वाकल्या न् कान लावला. लेकीवाणीच लावला. चुलीतलं लाकूड तडतडायलतं. लेक आमच्याकडं बघून हसायलती, तिला वाटलं खेळायलेत.

लई वेळ ऐकलं त्यांनी. मग उठून बसल्या न् पदरानं नाक पुसलं.

"ह्याला पोकळ माप लागतंय व्हय," म्हणल्या. "आगं मग आधी सांगायचं ना माय. हे तर लई नाजूक वाजायलंय."

न् मग करपलेली भाकरी काढून शेळीपुढं टाकली.

मी सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं सापडलं, मग वाढवलेली गोळी घेऊ नका, आधीचीच घ्या, पाला नीट मापानं खा, न् आठवड्यानं रक्त दाखवा.

दुसऱ्या दिवशी आमी दोघी मापटं घेऊन बसलो. आत्याबाईनी पाला वरून सोडला, फुलं टाकल्यावाणी. काठाला आला. त्यांचा तळहात आपोआप दाबायला गेला, तर त्यांनीच दुसऱ्या हातानं त्याला चापट मारली. "गप बस की!" आमी दोघी हसलो. पण मापटं नुसतं काठाला काठ ठेवायला त्यांचं मन होईना. हातात धरून तशाच बसलेल्या.

"शीग न्हाई लावली तर बरकत जाती," म्हणल्या. "शीग तरी लावते. मग काढून घेते."

"काढून कुटं टाकणार?"

त्यांनी इकडं तिकडं बघितलं, न् लेकीकडं बघितलं. "हिच्या वरणात. माप तुझं, शीग हिची. मग तर पोकळ न्हाई ना कुणाचं?"

तसं ठरलं. सैल शीग लावायची, लाभ म्हणायचं, मग हाताच्या कडेनं शीग उतरवायची न् लेकीच्या वरणात शिजवायला टाकायची. राहिलं ते मापटं माझं.

पुढं आमी दोघी दुसरा पाला बी तपासत गेलो. हरभऱ्याचा पाला वर उचलून राहतो, मापट्यात बसतच न्हाई, म्हणून तो पन्नास ग्राम म्हणजे मापटं न् वर एक सैल मूठ. करडईची पानं जाड, ती काठाच्या बोटभर खालीच पुरतात. सकाळचा पाला दुपारपर्यंत सुकला की तेवढ्याच वजनात निम्मा दिसतो, म्हणून खुडला की लगेच मापायचा. धुतल्याचं पाणी झटकून, न् चिरायच्या आधी, चिरल्यावर तो खाली बसतो. प्रत्येक वेळी मी पिशवी फुगवून दुकानात जायचे. दुकानदार म्हणायचा, "आज कोणता दागिना?" मी सांगायचे, "आज करडई, भाऊ." म्हाताऱ्या बी विचारायच्या, किती भरलं गं.

आठवड्यानं बीडला गेले तवा आत्याबाई बी संगं आल्या, लेकीला कडेवर घेऊन. मापटं पिशवीत घालून आणलतं त्यांनी. सरांपुढं टेबलावर ठेवलं न् म्हणल्या, "ह्यात, सैल. दाबत न्हाई आता." सरांनी मापटं हातात घेऊन आत बघितलं, मग रक्ताचा कागद बघितला. "यायला लागलंय ठिकाणावर," म्हणले. "असंच ठेवा." त्याच्या पुढच्या खेपेला म्हणले, आता आलं.

भेव गेलं असं न्हाई म्हणत मी. प्रत्येक वेळी सुई घुसली की कागद येईस्तोवर जीव टांगलेलाच असतो. पण पाल्याचं भेव न्हाई राहिलं. ताटात पडतो तो किती हाय हे मला डोळ्यानं कळतं आता, काट्याशिवाय.

काल आत्याबाईनी शीग उतरवून बाजूला ठेवली न् वरण बघायला उठल्या. लेकीनं तिची खेळायची वाटी आणली, तो पाला मुठीनं उचलला न् वाटीत कोंबला. मग तळहातानं दाबला. वाटी जमिनीवर ठोकली. पुन्हा कोंबला, पुन्हा दाबला, ओठ आवळून, अगदी आजीवाणी. वरनं ढीग लावला, थापटला, न् वाटी दोन्ही हातानं धरून माझ्याकडं घेऊन आली.

आत्याबाईनी वळून बघितलं. मी बोटानं त्यांना गप म्हणलं. वाटी घेतली, खाल्ल्यावाणी केलं, न् लेकीची पाठ फिरली की परत शिगेच्या जागी ओतली. दाबू दे तिला. तिला कशाला सांगायचं.